कुलपातली साखर

प्रिय ठकू,

तुझ्या टिंगीचं कळलं. तुझा फोन आला तेव्हा मी भांडी विसळत होते. तुझे बाबा नुसतं हो, हो, बरं, असं म्हणत होते आणि त्यांचा चेहरा असा उतरला होता की मला वाटलं, कुणीतरी गेलं. फोन ठेवून त्यांनी सांगितलं, टिंगीला शुगर निघाली, आता जन्मभर इन्सुलिन. तिसरीतली माझी नात ती. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि नळ तसाच वाहत राहिला. रडू नाही आलं, राग आला. कुणाचा ते अजून ठरलेलं नाही. फोन तू मला न करता बाबांना केलास याचंही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण समजू शकते. या घरात शुगर माझी असली तरी तिचा कारभार त्यांच्याकडे आहे, आणि तुला कारभाऱ्याशीच बोलायचं होतं. म्हणून पत्र लिहितेय. फोनवर मी बोलायला लागले की बाबा शेजारी येऊन बसतात आणि माझी वाक्यं पुरी करतात, आणि तिकडून तूही मला अर्ध्यात तोडतेस. पत्रात कुणी मध्ये बोलत नाही. तुझा माझ्यावर विश्वास बसेल की नाही, मला माहीत नाही. बसायला हवा, कारण आता प्रश्न माझ्या एकटीचा उरलेला नाही.

जो तो तुला सांगायला येईल की काही नाही गं, सवय होते. होते सवय. चपलेत खडा घेऊन चालायचीसुद्धा सवय होते. मला निघाली त्या दिवसांत मी सारखी पाणी पीत होते, कपडे ढिले झाले होते, आणि लाँड्रीतल्या बायका विचारत होत्या की काय करतेस, आम्हालाही सांग की. मी खूश. या वयात बारीक झालीस म्हटल्यावर कोण खूश होत नाही? डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून चष्मा काढून ठेवला, सगळं सांगितलं, आणि मी त्यांना विचारलं, मग बरी कधी होईन. त्यांनी चिठ्ठीवर गोळ्यांचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, कायम. त्यातून काय समजायचं ते मी समजले. घरी येताना मला आजाराची भीती नाही वाटली, लाज वाटली. चोरून खाताना पकडल्यासारखी लाज. टिंगीला ती वाटू देऊ नकोस. तिची शुगर माझ्यासारखी नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. लहान मुलांच्या या प्रकारात अंगात इन्सुलिन तयार व्हायचंच थांबतं. तिने काही जास्त खाल्लं म्हणून झालेलं नाही, तू काही कमी केलंस म्हणून झालेलं नाही. हे तिला एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांग, आणि स्वतःलाही सांग.

सुईला घाबरू नका. मी आधी गोळ्यांवर होते, मग इन्सुलिनवर आले, आणि पहिल्या दिवशी ते टोचायचं पेन हातात धरून इतका वेळ बसले की चहा गार झाला. टोचायची जागा बदलत राहायची, एकाच जागी टोचलं की तिथे गाठ धरते. बोटातून रक्त काढताना मधोमध टोचू नये, कडेला टोचावं, कमी दुखतं. हे मला कुणी सांगितलं नाही, दुखून दुखून कळलं. सुई जमते गं. जमत नाही ते दुसरंच. भूक लागली तर आधी विचार करायचा आणि भूक नसली तरी खायचं. एखाद्या दिवशी सगळं नीट करूनही मशीन भलताच आकडा दाखवतं आणि आपण गुन्हेगारासारखं त्याच्याकडे बघत बसतो. त्या दिवशी टिंगी चिडली, तिने मशीन फेकलं, तर फेकू दे. आणि लोकांचे सल्ले एका कानाने ऐक. मला कुणी कडू रस सांगितला, कुणी अनवाणी चालायला सांगितलं. लाँड्रीतल्या एकीने छातीठोकपणे सांगितलं की तिच्या मावशीची शुगर कसल्याशा काढ्याने पार गेली. मी विचारलं, मग आता मावशी कशी आहे? तर मावशीही गेली होती.

माझं काम तुला माहीत आहे, पण तू ते कधी नीट बघितलेलं नाहीस. हॉटेलातल्या चादरी इस्त्रीच्या रुळातून गरम गरम बाहेर येतात आणि दोघींनी मिळून दुमडायच्या असतात. दोन कोपरे माझ्या हातात, दोन समोरचीच्या. ताणायचं, घडी घालायची, चालत एकमेकींजवळ यायचं, कोपरे जुळवायचे, पुन्हा मागे जायचं. दिवसभर एकच चेहरा समोर. आम्ही त्या बाईला पल्याडची म्हणतो. माझी पल्याडची मला कितीतरी वर्षांपासून तीच आहे. एकदा दुपारी आमचे कोपरे जुळेनात. मी म्हणाले तुझा हात वाकडा, ती म्हणाली तुझा. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि हातातली चादर सरळ जमिनीवर टाकली. स्वच्छ चादर जमिनीवर टाकली तर आमच्याकडे कामावरून काढतात. ॲप्रनच्या खिशातून तिने हॉटेलच्या चहाच्या ट्रेमधल्या साखरेच्या पुड्या काढल्या आणि माझ्या तोंडात रिकाम्या केल्या. मी घामाने भिजले होते आणि मला पत्ताच नव्हता. शुगर खाली गेली की आधी अक्कल जाते, ठकू. आपल्याला काही होतंय हेच आपल्याला समजत नाही, उलट आपण समोरच्याशी भांडतो. टिंगी विनाकारण चिडली, रडायला लागली, बडबडायला लागली, तर आधी तिला साखर दे, मग मशीन लाव, आणि शिस्त वगैरे नंतर बघ. पल्याडचीने मला त्या दिवसापासून सगळी लक्षणं ओळखायला शिकवली. तिची आई यातच गेली होती, म्हणून तिला माहीत. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ती पुड्या टाकून ठेवायला लागली.

आता बाबांचं. इथे तुझ्या कपाळाला आठ्या पडतील, तरी वाच. मी जेवले का, हे बाबांनी आमच्या संसारात कधी विचारलेलं नव्हतं. कारखान्याच्या गेटवरून ड्यूटी संपवून यायचे, बूट काढायचे, जेवायचे, बातम्या बघायचे. वाईट नव्हते, घरात असून नसल्यासारखे होते. रिटायर झाल्यावर तर कुठे बसावं हेच त्यांना कळेना. आणि मग मला शुगर निघाली, आणि ते नव्याने नोकरी लागल्यासारखे उठून उभे राहिले. भात वाटीने मोजायला लागले. माझ्याबरोबर फिरायला यायला लागले. स्वतःचा गोड चहा सोडला, आणि चहा हा त्या माणसाचा जीव की प्राण. मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. मूर्खासारखी सुखावले मी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या ताटात डोकावत होतं. मी पल्याडचीला सांगितलंसुद्धा की शुगर झाली ते एका परीने बरंच झालं. तिने नुसती चादर ताणली.

मग ताटात डोकावणाऱ्याने ताटात हात घातला. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या नातवाचा वाढदिवस होता. दिवसभराचं खाणं सांभाळून, डॉक्टरीणबाईंना विचारून मी एवढासा केक घ्यायचं ठरवलं होतं. बाबांनी चारचौघांत माझ्या हातातली बशी काढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आम्हाला चालत नाही. आम्हाला. बोटं माझी, पोट माझं, सुया माझ्या, पण शुगर आमची. बायका म्हणाल्या, किती जपतात हो, नशीबवान आहात. मी हसले, दुसरं काय करणार होते? जन्मभर त्यांनी गेटवर उभं राहून सुटणाऱ्या कामगारांच्या पिशव्या तपासल्या. कुणी आत काय लपवलंय ते नुसत्या चालण्यावरून ओळखायचो, असं ते अभिमानाने सांगतात, तुलाही सांगितलं असेल. ती नजर माझ्यावर आली. मी कामावरून आले की पर्स त्यांच्या हातात. लाँड्रीच्या चहावाल्याला ते जाऊन दम देऊन आले. बोलायला जवळ बसवून घ्यायचे आणि तोंडाचा वास घ्यायचे. हे तुझ्यापर्यंत कधी पोचलं नाही. तुझ्यापर्यंत पोचायचं ते एवढंच, की आईची शुगर आता बाबांमुळे एकदम कंट्रोलमध्ये आहे.

आणि तो रविवार. तुला जो माहीत आहे तो नाही, जो झाला तो सांगते. सकाळचा आकडा जरा जास्त होता. मी इन्सुलिन घेतलं आणि खायला बसणार, तर बाबा म्हणाले, आधी फिरून येऊ, आकडा उतरेल. मी म्हणाले टोचून झालंय, आता खायलाच हवं. ते म्हणाले, तुला खायचं निमित्तच हवं असतं. वाद नको म्हणून गेले. ते लांबच्या रस्त्याने घेऊन गेले. परत येईपर्यंत माझे हात कापायला लागले होते, ओठ बधिर झाले होते. या वेळी मला कळलं की काय होतंय. सरळ पर्सकडे गेले. पुड्या नव्हत्या. सगळे कप्पे उलटे केले. बाबा दारात उभे राहून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, हे लिहवत नाही पण लिहिते, समाधान होतं. म्हणाले, काल आतल्या कप्प्यात सापडल्या मला त्या. मी स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा धुऊन पालथा घातलेला. जॅम, मध, बिस्किटं, सगळं त्यांनी माझ्या भल्यासाठी वाटून टाकलं होतं. मी म्हणाले, वरच्या बाईंकडून साखर आणा, मला कसंतरी होतंय. जीभ जड झाली होती, शब्द नीट फुटत नव्हते. त्यांना वाटलं मी हट्ट करतेय. म्हणाले, नाटकं पुरे, बघ कशी मागतेस लहान पोरीसारखी. मी वर जायला निघाले तर ते दारात उभे राहिले. मारलं नाही, ढकललं नाही, फक्त बाजूला झाले नाहीत. मी त्यांच्या हाताखालून जायला बघितलं आणि तिथेच पडले. पुढचं वरच्या बाईंनी सांगितलं. आवाज ऐकून त्याच खाली आल्या आणि त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली. बाबा माझ्याजवळ बसून मला उठ, उठ म्हणत होते.

हॉस्पिटलात ग्लुकोज चढवल्यावर मला जाग आली. पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई बाबांशी बोलत होत्या. अगदी सोप्या भाषेत सांगत होत्या, की साखर वाढून नाही पडल्या त्या, कमी होऊन पडल्या, अजून उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या. बाबा आत येऊन खुर्चीवर बसले आणि रडले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. तिथेच विषय मिटला असता, खरं सांगते. चूक कुणाकडूनही होते, आणि ही तर काळजीपोटी झालेली. पण मग ते बाहेर गेले आणि त्यांनी तुला फोन केला, की आईने चोरून गोड खाल्लं, शुगर चढली आणि पडली. पाठोपाठ तुझा फोन मला आला. किती समजवायचं गं तुला, तू काय लहान आहेस का, बाबा बिचारे एवढं मरमर करतात. बाबा समोरच बसले होते, माझ्या तोंडाकडे बघत. मला सांभाळून घे, असंच म्हणत होते ते डोळ्यांनी. मी सांभाळून घेतलं. ज्या साखरेवाचून मी मरायला टेकले होते, ती चोरून खाल्ल्याबद्दल मी तुझी माफी मागितली. तू म्हणालीस, पुन्हा असं करू नकोस. मी बरं म्हणाले.

त्यांनी ते इतक्या जणांना सांगितलंय की आता त्यांचं त्यांनाच खरं वाटतं. घरात साखर आहे आता, डॉक्टरीणबाईंनी बजावलं म्हणून आणली. कपाटात, कुलूप लावून. किल्ली त्यांच्या खिशात. लागेल तेव्हा मी आहे ना द्यायला, असं म्हणतात. ते बाजारात गेले की मी कपाटाकडे बघत बसते. मी माझ्या कपड्यांना आतून खिसे शिवून घेतलेत आणि पल्याडचीकडून पुड्या आणून त्यात ठेवते. आजी झाले आणि स्वतःच्या घरात साखर अंगावर लपवून फिरते. तू विचारशील, मग इतके दिवस गप्प का बसलीस. कारण तुला बाबा इतके चांगले कधी वाटले नव्हते, ठकू. लहानपणी तू त्यांची वाट बघून झोपून जायचीस. आता कुठे तुम्ही दोघं रोज फोनवर बोलायला लागलात, माझ्या शुगरबद्दल का होईना, आणि ते तुझ्याकडून काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. माझं जे व्हायचं ते होईल, असं मी ठरवून टाकलं होतं. राग गिळायला इन्सुलिन लागत नाही.

पण काल बाबांनी माळ्यावरून मोठी बॅग काढली. मी विचारलं कुठे, तर म्हणाले, ठकूने बोलावलंय. तू आणि जावई दोघंही कामावर असता, टिंगी शाळेतून आली की तिच्याजवळ कुणीतरी जाणतं हवं, आणि बाबांना यातलं सगळं येतं, त्यांनी आईला कसं सांभाळलं ते मी बघितलंय, असं तू म्हणालीस म्हणे. आनंदात आहेत ते. बॅगेत वजनकाटा भरलाय, आणि तुमच्या कपाटाला होईल की नाही म्हणत एक नवीन कुलूप आणलंय. हे पत्र त्यासाठीच आहे. त्यांना बोलावू नकोस. तुझ्या पोरीची जीभ जड झाली आणि ती साखर मागायला लागली, तर तो माणूस तिला लाडावलेली म्हणेल आणि दारातून हलणार नाही, आणि त्या वेळी घरात दुसरं कुणी नसेल. माझ्यावर विश्वास नसेल तर डॉक्टरीणबाईंना फोन कर, वरच्या बाईंना विचार, पण त्यांना निघू देण्याआधी विचार. मी लाँड्रीत रजेचं बोलले आहे, नाही मिळाली तर काम सोडून येईन. तू फक्त ये म्हण. आणि मीही नको असेन, तर निदान साखर टिंगीच्या दप्तरात ठेव, खिशात ठेव, उशाशी ठेव, आणि तिला सांग की हात कापायला लागले की खायची, कुणाला विचारायचं नाही, तुलासुद्धा नाही. तू तिचं दप्तर तपासशील, मला माहीत आहे. तू माझी मुलगी आहेस, तशी त्यांचीही आहेस. तपासताना पुडी सापडली, तर होती तिथे परत ठेव.

रागावलीस तरी तुझीच,
आई